‘टाळा’ या शब्दाशी तुझं भांडण

रत्ना,

‘सुटली बिचारी’ असं म्हणणाऱ्या पहिल्या बाईला मी तुझ्या अंगणातच गप्प केलं. ती तुझी मावशी की मामी, मला माहीत नाही. तुला अजून घरातून बाहेरही काढलं नव्हतं. मी म्हटलं, सुटायला तिला कोणी बांधलं नव्हतं, आणि बिचारी तर ती एक दिवसही नव्हती. ब्लाउज शिवायला टाकून शिलाईत घासाघीस करून बघायची होती, मग कळलं असतं. ती बाई पदर तोंडाला लावून मागे सरकली. बाकीच्या माझ्याकडे बघत राहिल्या. सरकारी नर्सनं मयतीच्या घरी असं बोलू नये म्हणे. बोलले. तू असतीस तर याहून वाईट बोलली असतीस.

लिहायला बसले तेव्हा ठरवलं, तुझा जन्म कधीचा, आजार कधी कळला, कुठे कुठे उपचार झाले, यातलं काही लिहायचं नाही. ते सगळं दवाखान्याच्या कागदांत आहे आणि त्या कागदांत तू कुठेच नाहीस.

तू मला सापडलीस कोहमाऱ्याच्या चौकात, बसथांब्यामागच्या तुझ्या शिलाईच्या दुकानात. समोर ढाबे, रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि त्या सगळ्या आवाजात तुझी मशीन. मी जवळच्या उपकेंद्रात नुकतीच बदलून आले होते. मापाला उभी राहिले तर टेप माझ्या दंडाला लावता लावता तू म्हणालीस, “सिस्टर, तुमी गावात सिकलसेल समजावता ना, तवा लोक तुमच्याकडे पाहत नाई. दारातल्या चपलाकडे पाहते. कवा उठाले भेटन म्हून.”

मला राग आला. मी म्हटलं, मग तू समजावून दाखव. तुझा हात थांबला नाही. “मी रोजच समजावतो. माप घेताना बाईचे हात वर असते. हात वर केलेली बाई कोठी पळते?”

नंतर मी ते कितीदा पाहिलं. छातीचं माप घेताना तू विचारायचीस, जेवण जाते का. कमरेचं घेताना, पोट डावीकडे जड लागते का. दंडाला टेप लावला की, मागच्या साली याहून भरला होता, काय झालं. बाई हळूहळू सांगायला लागायची. तू तिचं आधी सगळं ऐकून घ्यायचीस. मग स्वतःचं सांगायचीस, आणि शेवटी कधीतरी म्हणायचीस, जा, सिस्टरकडे बोटातलं रक्त देऊन ये, ब्लाउज तवरी काजबटणाले ठेवतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बाया तुझ्या दुकानातून यायच्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते तोंडावर फेकून मारलं असतंस.

आणि ती वाहकाची गोष्ट. एका पोरीची तपासणी झाली, मी तिला म्हटलं, तू सिकलसेलची वाहक आहेस. ती घाबरली नाही, रडली नाही. चांगली हरखून विचारती झाली, “म्हंजे मले एस्टीत नोकरी लागन का?” प्रत्येक बसमध्ये कंडक्टरच्या सीटवर ‘वाहक’ लिहिलेलं असतं, पोर तेच वाचत शाळेत गेलेली. मी ती गंमत म्हणून तुला सांगितली. तू हसली नाहीस. कात्री खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “बराबर तं समजली ते.” दुसऱ्या दिवशी तुझी गोष्ट तयार होती. तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या तोंडी ती अजूनही परिपत्रकासारखी वाटते:

“पाहा, प्रत्येक माणूस कंडक्टर. प्रत्येकाच्या पेटीत तिकिटाच्या दोन गड्ड्या. वाहक म्हंजे ज्याची एक गड्डी सादी, आन दुसरीच्या तिकिटावर इळा छापला हाये. तो सोता ठणठणीत. उभ्यानं गोंदिया-नागपूर करते. लेकरू गाडीत चढलं का दोन तिकिटं फाडा लागते, एक मायचं, एक बापाचं. दोन्हीवर इळा आला, तं लेकरू माह्यासारखं. एकावर आला, तं तेही वाहक. कोणत्या गड्डीचं फाटन ते कोणाच्या हातात नाई. आन एक ध्यानात ठेवा, दर लेकराले नवीन तिकीट.”

ते शेवटचं वाक्य. मी फळ्यावर चौकटी काढून, मायबाप दोघं वाहक तर आजार चारात एकाला, चारात एकाला, असं घोकून घेत होते, आणि लोक घरी जाऊन म्हणत होते, आमचं पहिलं आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली. तुझ्या ‘दर लेकराले नवीन तिकीट’नं तो घोळ कोहमाऱ्यापुरता तरी संपवला. इळा म्हणजे विळा हे तर इथे कोणाला सांगायलाच नको. प्रत्येकीच्या हाताला त्याचे वण आहेत. पण रक्तातल्या पेशी विळ्याच्या आकाराच्या, म्हणजे काय, असं बाया विचारायच्या. तू म्हणायचीस, “पाइपातून वाटाण्याचे दाणे सोडा, सुळ्ळकन जाते. इळे सोडून पाहा.”

पण आपण भांडत होतो, ते विसरणार नाही. सगळे आता तुझं चांगलंच सांगून राहिले आहेत, म्हणून मी मुद्दाम लिहिते. एक बाई माझ्याकडे आली, तिला तुझी सगळी गोष्ट पाठ. गड्ड्या, इळा, दाणे, सगळं हातवारे करून म्हणून दाखवलं. पोराला ताप होता आणि ती त्याला घेऊन घरी बसली होती. ताप आला की दवाखाना, हे तिच्या डोक्यात कुठेच नव्हतं. मी तुझ्या दुकानात येऊन म्हटलं, तुझी गोष्ट पाठ झाली आणि औषध विसरलं. याचं काय करायचं? तू म्हणालीस, “तुमच्या पाढ्यानं दोन्ही विसरत होते.” मी म्हटलं, हे उत्तर नाही. आणि ते नव्हतंच. दुसऱ्या आठवड्यात मात्र तुझ्या गोष्टीत नहर आली, शेताला पाणी देणारा कालवा. पाणी कमी झालं की नहरेत गाळ अडते, म्हून दिवसभर पाणी प्या. आन नहर तापली, म्हंजे ताप आला, तं धुऱ्या-बांधावर बसून पाहत राहू नका, गाडी पकडा. तू माझं म्हणणं मान्य केलं असं कधीच कबूल केलं नाहीस. गोष्टीत घालून टाकलंस.

गोंदियाच्या एका दवाखान्यातला तो दिवस. तुझ्या दोन्ही मांड्या आणि पाठ, कळांनी तू पलंगाच्या दांडीला धरून वाकडी झाली होतीस. तो डॉक्टर तरुण होता, ड्युटी संपत आलेली. त्याला वाटलं, हिला इंजेक्शनची सवय लागली आहे. त्यानं विचारलं, “दर्द कितना है? एक से दस में बताओ.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू म्हणालीस, “डॉक्टर साहब, कभी दरवाज़े में उँगली दबी है आपकी?” तो म्हणाला, हाँ, बचपन में. तू म्हणालीस, “मेरी अभी दबी हुई है। दरवाज़ा किसी ने खोला नहीं। और आप बाहर से नंबर पूछ रहे हो।”

इंजेक्शन मिळालं. नंतर कधीही मी पेशंट घेऊन गेले की तो विचारायचा, वो दरवाज़ेवाली दीदी कैसी हैं. आता परत जाईन तेव्हा त्याला सांगावं लागेल.

आपलं खरं भांडण वेगळं होतं. ते संपलं नाही. संपवायचं तर आता मला एकटीला संपवावं लागेल, आणि ते मला पसंत नाही.

उपकेंद्रात नवे पोस्टर आले होते. मी एक तुझ्या दुकानात लावायला घेऊन आले. वर मोठ्या अक्षरात होतं, ‘वाहक-वाहक विवाह टाळा’. तू ते वाचलंस, परत गुंडाळलंस आणि माझ्या हातात दिलंस. “हे मी नाई लावत.”

मी म्हटलं, काऊन?

“माह्या मायबापानं टाळलं असतं, तं मी कोठी राहिली असती?”

मी म्हटलं, हे तुझ्याबद्दल नाही. “माह्याबद्दलच हाये,” तू म्हणालीस. “भिंतीवर लिहिलं हाये का रत्ना नाई पायजे होती. तुमी मलेच वाचून दाखवून राहिले, आन वरून खिळा मागून राहिले.”

मी तुझ्यावर चिडले. तुझ्या कळा मी पाहिल्या होत्या. एखाद्या मायनं समजून उमजून हे लेकराच्या वाट्याला का येऊ द्यावं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, “कळा माह्या हाये. त्या परवडल्या का नाई परवडल्या, ते मी सांगीन. तुमी नोका सांगू.” मग लिहू तरी काय, मी म्हटलं. तू मशीनवर बसूनच सांगितलंस: लग्नाआधी तपासा असं लिहा. मग दोघांना सगळं समजावून सांगा, काही लपवू नका, काही फुगवू नका. मग गप्प बसा. टाळायचं का नाही, ते त्यांना पाहू द्या.

मी म्हटलं, सगळ्यांना एवढं पेलत नाही. तू म्हणालीस, “तुमाले कसं माहीत? कवा देऊन पाह्यलं का?”

माझं मत मी बदललेलं नाही. दोघंही वाहक असतील तर दुसरं स्थळ पाहावं, असं मला वाटतं. मी ते तोंडावर सांगते, कारण रडणाऱ्या लेकराला सलाइन लावायला शीर मी शोधते, गोष्ट शोधत नाही. पण दिवाळीत तू तुझा तो पहिला प्रश्न पुन्हा काढलास, तेव्हा मी विषय बदलला.

त्याच दिवाळीनंतर तुझ्या भावाच्या पोरीचं, प्रणालीचं, लग्न ठरून साक्षगंध झालं. प्रणाली वाहक आहे हे तुला माहीत होतं, तूच तिला माझ्याकडे आणलं होतंस. मुलाकडच्यांना सांगा, असं तू तिच्या बापाला, देवरामभाऊंना, साक्षगंधाआधी सांगितलंस, साक्षगंधानंतर सांगितलंस. भाऊ म्हणत राहिले, पाहू, पाहू. मग पौषातली थंडी आली, तुझ्या छातीत कफ भरला, आणि ते सांगणं राहून गेलं.

तुझ्या तेरवीला मुलाकडचे आले. नवरा मुलगा मंगेश, त्याची आई, त्याचे काका. आमगावकडचे लोक, दोन पिढ्यांची धानाची शेती, आता खताचं दुकान. भाऊंनी त्यांना सांगितलं होतं की तू निमोनियानं गेलीस. तसं पाहिलं तर खोटं नाही. तसं पाहिलं तर विहिरीत पडलेला माणूसही पाण्यानंच मरतो.

स्वयंपाकघरात प्रणालीनं माझा हात धरला. सिस्टर, तुम्ही सांगा त्यांना, म्हणाली. मी नाही म्हटलं. तिला म्हटलं, पोरी, तुझ्या रक्ताची गोष्ट मी सांगणार नाही, तो माझा हक्क नाही. सांगायची की नाही तेही तू ठरव. सांगितलीस तर मी बाजूला बसेन, अडलीस तर बोलेन. तिनं डोळे पुसले, वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि थेट मांडवात गेली. रत्ना, पोरीची चाल तुझी आहे.

पान-सुपारी फिरत होती. ती उभ्याउभ्या म्हणाली, “आत्या नुसत्या निमोनियानं नाई गेली. तिले सिकलसेल होता. आन मी वाहक आहो.”

भाऊंची मान खाली गेली. मंगेशचे काका म्हणाले, वाहक म्हंजे? कोपऱ्यातून एक म्हातारी गंभीरपणे म्हणाली, “कंडक्टर.” तेरवीच्या मांडवात लोक हसले. प्रणालीही हसली, आणि त्या हसण्यानं तिचा आवाज सुटला. मग तिनं गड्ड्या काढल्या, इळा काढला, तिकिटं फाडली. मधे एका ठिकाणी अडखळली, मी सावरून दिलं. म्हणाली, मी आजारी नाही, होणार नाही. मंगेशची तपासणी झाली आणि त्याच्या दोन्ही गड्ड्या साद्या निघाल्या, तर आमच्या एकाही लेकराला आत्याचा आजार होणार नाही.

काका ऐकून घेणारे नव्हते. आमाले फसवलं, म्हणाले. रोगाचं घर आमच्या गळ्यात बांधून राहिले होते. भाऊ हात जोडायला लागले. मी म्हटलं, भाऊ, हात खाली घ्या, चोरी झालेली नाही.

तेव्हा मंगेशची आई बोलली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, तिच्या भावाचा पोरगा लहानपणीच गेला. त्याचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे पडायचे, हाडं दुखतात म्हणून रडायचा. “आमी कचारगडले नवस बोललो, गंडे बांधले, सारं केलं. रक्त नाई तपासलं.”

काका तिच्यावर उखडले. “तू काऊन बोलून राहिली इथं?”

“तुमी रोगाचं घर म्हटलं म्हून,” ती म्हणाली. “माहेर माह्यंही हाये.”

रत्ना, मला तुझी आठवण कधी कधी येते आणि कधी कधी येत नाही, पण त्या क्षणी मला तू हवी होतीस. मी एवढी वर्षं घरोघरी विचारत फिरते, तुमच्याकडे कोणाला असं होतं का, आणि एवढी वर्षं लोक नाही म्हणतात. ती बाई स्वतःच्या दिरासमोर, व्याह्यांसमोर, न विचारता बोलली. कारण आधी एक पोर उभी राहून स्वतःचं सांगून मोकळी झाली होती. तू म्हणायचीस ना, आपलं आधी काढा, मंग दुसऱ्याचं मागा. मी ते तेव्हा मापाच्या टेपाची हुशारी समजत होते.

मंगेश दुसऱ्याच दिवशी रक्त द्यायला आला. एकटा, मोटरसायकलवर. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी त्याला बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं. तोही वाहक आहे.

त्यानं काकांना सांगायच्या आधी प्रणालीला सांगितलं. आणि दोघं मिळून माझ्याकडे आले. काकांनी तोवर निरोप पाठवून दिला होता की संबंध संपला. प्रणालीची आई रडून रडून तिला आत्याचं नशीब सांगत होती. दोघं माझ्यासमोर बाकावर बसले, मधे थोडं अंतर ठेवून, आणि मंगेशनं विचारलं, “सिस्टर, मंग आमी लगन करावं का नाई?”

मी सगळं सांगितलं. चारात एक, आणि ते दर वेळी नव्यानं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते, मोठ्या शहरात जावं लागतं, वेळेत जावं लागतं. तपासणीत आजार निघाला तर पुढे काय, हा निर्णय कोणी दुसरा घेऊन देत नाही, आणि तो सोपा नाही. आजारी लेकराला रोजची औषधं आता चांगली आहेत, पण कळा येतात, दवाखाना चुकत नाही, आणि कधी कधी सगळं करूनही माणूस जातं. ते तुम्ही नुकतंच पाहिलंय. काही लपवलं नाही. काही फुगवलं नाही.

मंगेश म्हणाला, आणि तुमचं मत?

मी म्हटलं, माझं मत नको असं आहे. पण माझ्या मताच्या विरोधात एक बाई होती. ती आज इथे नाही, म्हणून तिची बाजू मी मांडते. मेलेल्या माणसाशी वाद जिंकायची मला हौस नाही. मग मी त्यांना ते पोस्टर, तो खिळा आणि तुझा प्रश्न सांगितला. जसाच्या तसा. माह्या मायबापानं टाळलं असतं, तं मी कोठी राहिली असती.

प्रणालीनं विचारलं, “आत्यानं हे तुमाले म्हटलं?”

“तोंडावर.”

“मंग तुमी काय म्हटलं?”

“काही नाही. अजून सुचलेलं नाही.”

मग मंगेशनं विचारलं की ती तपासणी नेमकी कितव्या महिन्यात, कुठे, आणि आधी कोणाला भेटायचं. प्रणालीनं त्याच्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे गप्प बसले. ते मला किती जड गेलं, ते तुला कळलं असतं.

चैत्रात लग्न आहे. काका येणार नाहीत. मंगेशची आई येणार आहे, तिनंच तारीख काढली. लेकरं होऊ द्यायची का, कधी, कशी, हे दोघांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मला अजूनही वाटतं की ते चुकतायत. ते मी त्यांना एकदा सांगितलं आहे, दुसऱ्यांदा सांगणार नाही. आणि तू जन्माला यायलाच हवी होतीस, हेही मला तेवढ्याच ठामपणे वाटतं. या दोन गोष्टी एका तोंडात कशा मावतात, ते समजावून सांगणारी गोष्ट मला येत नाही. तू असतीस तर एखाद्या बाईचे हात वर करून ठेवून सांगून टाकली असतीस.

मला येत नाही. तरी सोमवारी गावात बैठक आहे, आणि तिथे मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे.